एमएम ५४० : पाटे ॲक्सलच्या वर, ३१ इंची टायर आणि टेपरवर तुटलेला मागचा शाफ्ट

आडवाट (धागाकर्ता)

गाडीची कुंडली आधीच मांडतो. महिंद्राची एमएम ५४० जीप, पूजोचं २११२ सीसी डिझेल, चारही चाकांना पाटे (लीफ स्प्रिंग). पाटे ॲक्सलच्या खाली होते, ते वर घेतलेत. मोजून १२ सेंमी उंची वाढली. टायर ३१ बाय १०.५ आर १५, आधी सहा-सोळा (६.००-१६) होते. क्राऊन-पिनियन (ॲक्सलमधली शेवटची गियरजोडी) ५.३८. मागचं डिफरन्शियल वेल्ड केलेलं, म्हणजे मागची दोन्ही चाकं कायम एकत्रच फिरतात. मागचे दोन्ही शाफ्ट (चाकं फिरवणाऱ्या दांड्या) खरादावर बनवलेले. मटेरिअल काय, तर 'चांगलं', एवढंच उत्तर मिळालंय.

तुटलं ते असं. नाशिकच्या पेठ रोडच्या बाजूला मुरमाचा चढ, लो रेंजचा पहिला गियर, आणि डावं मागचं चाक ड्रमसकट बाहेर. शाफ्ट टेपरवर, म्हणजे हब बसतो त्या निमुळत्या टोकावर तुटलाय, चावीची (हब आणि शाफ्टमधल्या लोखंडी पट्टीची) खाच संपते तिथे. ब्रेक पेडल त्याच क्षणी तळाला.

तुटलेलं तोंड उजेडात धरलं की दोन भाग स्वच्छ वेगळे दिसतात. साधारण दोन तृतीयांश भाग गुळगुळीत, मळकट, त्यावर शिंपल्यावर असतात तशा एकात एक कमानी. उरलेला भाग खडबडीत आणि साखरेसारखा चकचकीत. सगळ्या कमानी खाचेच्या एकाच कोपऱ्यातून निघालेल्या.

आणखी दोन दुखणी. ४० ते ४५ च्या वेगाला बुडाखाली घुरघुर येते, ॲक्सिलरेटर सोडला की कमी होते. आणि ५५ ला खड्डा लागला की स्टेअरिंग थडथडतं, ३० पर्यंत खाली आल्याशिवाय थांबत नाही.

नवीन शाफ्ट कशाचा करू? की अख्खा ॲक्सलच बदलू?

खरादी

ॲक्सल राहू द्या, आधी ते तोंड वाचा. कमानी म्हणजे फटीग, धातूचा थकवा. तडा खाचेच्या कोपऱ्यात सुरू झाला आणि रोज थोडा थोडा आत सरकत गेला. चढावर तुटला तो फक्त उरलेला चकचकीत तृतीयांश. एका झटक्यात गेला असता तर दांडी पिळलेली दिसली असती, स्प्लाइन (दांडीच्या टोकावरचे दात) दोरीसारख्या वळलेल्या असत्या. तुमच्या स्प्लाइन सरळ आहेत ना?

टेपरच्या शाफ्टमध्ये बहुतेकांचा एक गैरसमज असतो, की जोर चावी घेते. जोर टेपरची पकड घेते, चावी नुसती सोबतीला. हब टेपरवर नीट बसला नसेल तर तो केसभर हलतो, सगळा मार चावीवर येतो आणि चावी खाचेचा कोपरा उकलत राहते. खरादावर कोपरा काटकोनात काटलेला असेल तर तडा तिथूनच जाणार. कोपऱ्याला अर्ध्या मिलिमीटरची तरी गोलाई हवी.

बसवण्याची रीत सांगतो. हब आणि टेपर रॉकेलने धुवून कोरडे करा. टेपरवर मार्किंग ब्लूचा (टेकलेली जागा दाखवणाऱ्या निळ्या रंगाचा) पातळ हात फिरवा, हब दाबून बसवा, पुलरने काढा. ७५ टक्क्यांहून कमी जागी निळा लागला तर बारीक ग्राइंडिंग पेस्टने हलकं लॅपिंग करा, म्हणजे घासून जुळवा. हलकंच, नाहीतर हब आत सरकतो आणि ड्रम बॅकप्लेटला घासतो. मग पेस्टचा कण न कण धुवून काढा. टेपरवर ग्रीस किंवा ऑइल लावायचं नाही, 'पुढच्या वेळी सहज निघेल' म्हणून तर अजिबातच नाही. नट टॉर्क पान्याने किमान २०० न्यूटन मीटर. कॉटर पिनचं भोक जुळत नसेल तर नट पुढे आवळा, मागे सोडू नका. पहिल्या ५० किमीनंतर पुन्हा टॉर्क तपासा.

हब हातोड्याने काढत असाल तर ती सवय आजच सोडा. तो ठोका थेट बेअरिंगला बसतो.

आडवाट (धागाकर्ता)

स्प्लाइन सरळ आहेत. उजव्या शाफ्टवर निळा लावून पाहिला. फक्त आतल्या जाड कडेला सेंटिमीटरभर पट्टा लागला, बाकी टेपर कोरडा.

खरादी

मग उजवाही त्याच वाटेवर आहे, जोडीनेच बदला.

मटेरिअलचं बोलायचं तर ईएन ८ आणि ईएन २४ या पोलादांतला फरक आकड्यांत बघा. ३० मिमीची दांडी धरू. नॉर्मलाइज केलेल्या ईएन ८ ची यील्ड सुमारे २८० मेगापास्कल, म्हणजे दांडी साधारण ८५० न्यूटन मीटरला कायमची पिळायला लागते. ईएन २४, टी कंडिशन (हार्डन-टेम्पर केलेलं), यील्ड ६५० च्या वर. तीच दांडी २००० च्या आसपास पोचते. व्यासाचा घन लागतो, म्हणून ३० ची ३२ केली तरी २१ टक्के वाढतात. बेअरिंग आणि हाउसिंग तेवढी जागा देत असतील तर.

अंबड-सातपूरच्या औद्योगिक वसाहतीत हे काम होतं, पण एका छताखाली होईलच असं नाही. टर्निंग एकीकडे, स्प्लाइन हॉबिंग दुसरीकडे, इंडक्शन तिसरीकडे. क्रम चुकवू नका. बारचं मटेरिअल सर्टिफिकेट आधी मागा, मग टर्निंग, स्प्लाइन, इंडक्शन हार्डनिंग, आणि बेअरिंगची जागा सगळ्यांत शेवटी ग्राइंड. हार्डनिंग ५० ते ५५ रॉकवेल, ३-४ मिमी खोल. मात्र हार्ड पट्टा खाचेच्या तोंडाशी किंवा खांद्याच्या कोपऱ्यात संपू देऊ नका. हार्ड आणि सॉफ्टच्या सीमेवरच तडा जन्माला येतो. खांद्याला दीड-दोन मिमीची गोलाई काढायला सांगा. ड्रॉइंगवर लिहून द्या. तोंडी सांगितलेली गोलाई खरादावर पोचेपर्यंत काटकोन झालेली असते.

गणिती_जीप

शाफ्ट ईएन २४ चा केला तरी वेल्ड केलेलं डिफ तसंच राहिलं तर मला भरवसा नाही. हिशेब करू.

पूजोचा टॉर्क ढोबळ १२० न्यूटन मीटर, पहिला गियर ३ चा, लो २.४६, क्राऊन ५.३८. गुणाकार साधारण ४,७६० न्यूटन मीटर. एवढं चाकापर्यंत कधी पोचत नाही, कारण त्याआधी टायर घसरतो. मागच्या ॲक्सलवर ७०० किलो, पकड ०.८, टायरची त्रिज्या ०.४ मीटर धरली तर ॲक्सल जास्तीत जास्त २,२०० न्यूटन मीटर जमिनीवर उतरवू शकतो. चढावर वजन मागे सरकून ९०० किलो झालं तर २,८००. म्हणजे या गाडीत शाफ्ट इंजिन तोडत नाही, टायरची पकड तोडते. सहा-सोळाला त्रिज्या ०.३६ होती, त्यामुळे नुसत्या टायरने भार ११ टक्के वाढला.

आता उघडं डिफ हा भार दोन शाफ्टांत निम्मा निम्मा वाटतं, प्रत्येकी ११०० ते १४००. वेल्ड केलेलं डिफ अख्खे २,२०० ते २,८०० एकाच शाफ्टवर टाकू शकतं, दुसरं चाक हवेत असलं की झालं. म्हणजे ईएन २४ ची ३० मिमीची दांडीसुद्धा काठावर.

पण मूळ मुद्दा वेगळाच आहे. तोंडावर फटीग आहे, आणि फटीग वर्षातून चार वेळा चढलेल्या चढावर होत नाही. ट्रॅक १.३ मीटर धरा. काटकोनी वळणावर बाहेरचं चाक आतल्यापेक्षा २ मीटर जास्त चालतं. वेल्ड केलेल्या डिफमध्ये हे दोन मीटर जाणार कुठे? कोरड्या डांबरावर दोन्ही शाफ्ट उलटसुलट पिळले जातात, टायर कधीतरी 'चर्र' करून सुटतो, आणि पुढच्या वळणावर पुन्हा तेच. द्वारका, मुंबई नाका, सिडकोतल्या गल्ल्या. शाफ्ट पेठ रोडला तुटला असेल, पण त्याला मारलं शहरातल्या वळणांनी.

फोरलो

अंशतः असहमत. वेल्ड केलेलं डिफ स्वस्त आहे आणि नुसतं शेतात-डोंगरात चालवायच्या गाडीला पुरतं. माती घसरू देते, शाफ्टांत पीळ साठत नाही. ट्रेलरवर चढवून नेणाऱ्यांचे वेल्ड वर्षानुवर्षं टिकतात. दोष वेल्डचा नाही, वेल्ड करून गाडी रोज डांबरावर फिरवण्याचा आहे.

गणिती_जीप

'पीळ साठणे' म्हणजे ॲक्सल वाइंड-अप का? शब्द आवडला, उचलतो. बाकी सहमत. पण धागाकर्त्याची गाडी ट्रेलरवर जात नाही, ती शहरातूनच डोंगराला जाते.

पाटेवाला

शाफ्टचं तुम्ही दोघं बघा. मला घुरघुर आणि उंचीबद्दल बोलायचंय.

पाटे वर घेतले की दोन गोष्टी एकदम होतात. पहिली, जमिनीपासून पाट्याची उंची. टायर खेचतो जमिनीपाशी, पाटा ती ओढ चासीला देतो, त्यामुळे पाट्यावरचा मरोड म्हणजे ओढ गुणिले पाट्याची उंची. पूर्वी पाटा ॲक्सलखाली, जमिनीपासून ३० सेंमीच्या आसपास. आता ॲक्सलवर आणि मोठ्या टायरवर, ४६. तोच जुना पाटा दीडपट मरोड सोसतोय. मग तो इंग्रजी एससारखा वाकतो, पिनियन नाक वर करतो, सुटला की आपटतो. लो मध्ये क्लच सोडल्यावर मागून 'धाड-धाड' येत असेल तर हेच.

उपाय दोन. मेन पाट्याच्या पुढच्या अर्ध्या भागावर एक आखूड जाड पाटा चढवा, किंवा ॲक्सलपासून चासीपर्यंत ट्रॅक्शन बार टाका. बारचं चासीकडचं टोक शॅकलवर (हलत्या जोडपट्टीवर) लटकतं ठेवा. दोन्ही टोकं घट्ट बांधली तर पाटा एका कमानीत फिरू पाहतो आणि बार दुसऱ्या, मग ब्रॅकेट उखडतं.

दुसरी गोष्ट साफ्टिंगचे (मागच्या ॲक्सलला जोर नेणाऱ्या प्रोपेलर शाफ्टचे) कोन. मोजून टाका, मग बोलू.

आडवाट (धागाकर्ता)

सपाट फरशीवर, चारही चाकांत सारखी हवा, अँगल मीटरने मोजलं. ट्रान्सफर केसचं (पुढच्या-मागच्या ॲक्सलला जोर वाटणाऱ्या पेटीचं) आउटपुट मागे २ अंश खाली. साफ्टिंगचा उतार १८ अंश. पिनियन १० अंश वर बघतो. साफ्टिंगची लांबी क्रॉस ते क्रॉस (युनिव्हर्सल जॉइंट) ५० सेंमी.

पाटेवाला

घुरघुर सापडली.

आधी ५० सेंमीत साडेचार सेंमी उतार होता, ५ अंश. १२ सेंमी वाढवल्यावर साडेसोळा सेंमी, म्हणून १८. वरचा क्रॉस १८ वजा २, म्हणजे १६ अंशांवर चालतोय आणि खालचा १८ वजा १०, म्हणजे ८ वर. साधा क्रॉस कोनात फिरला की एका फेऱ्यात दोनदा पुढे पळतो आणि दोनदा मागे राहतो. १६ अंशांवर हा चढउतार वरखाली सुमारे ४ टक्के, ८ वर जेमतेम १. दोन्ही कोन सारखे असते तर एकाने केलेलं दुसऱ्याने पुसलं असतं. इथे ३ टक्के शिल्लक राहतो आणि पिनियनला हादरे देतो. ४५ च्या वेगाला साफ्टिंग मिनिटाला साधारण १६०० फेरे घेते, म्हणजे सेकंदाला पन्नासहून जास्त झटके. तीच तुमची घुरघुर.

ज्याने पर्च (ॲक्सलवरच्या पाट्याच्या बैठका) वेल्ड केले त्याने पिनियन 'अंदाजे वर' ठेवला. अर्ध्यावर ठेवलेला पिनियन कुठल्याच हिशेबात बसत नाही. एकतर तो आउटपुटला समांतर, २ अंशांवर हवा. मग दोन्ही क्रॉस १६ वर येतात, घुरघुर जाते, पण क्रॉसमधली सुयांची बेअरिंग लवकर झिजतात. नाहीतर ट्रान्सफरच्या बाजूला डबल क्रॉसची साफ्टिंग, आणि पिनियन साफ्टिंगच्या रेषेत, १६-१७ अंशांवर. रेषेपेक्षा एक-दोन अंश खाली ठेवायचा, कारण जोर आला की तो वर उठतोच.

पिनियन १६ वर नेलात तर हाउसिंगमधलं ऑइल मागे साठतं आणि पिनियनचं पुढचं बेअरिंग उपाशी राहतं. लेव्हल प्लगच्या वर इंचभर ऑइल भरायची सोय करा, नाहीतर दुसरा प्लग वर काढा.

साफ्टिंग उघडाल तेव्हा दोन्ही टोकांचे योक एका रेषेत आहेत का तेही बघा. स्लायडिंग योक एक-दोन स्प्लाइन फिरवून घातलेला बऱ्याचदा आढळतो. बाण मारलेले असतात, ते रंगाखाली दडतात.

द्राक्षबाग

मुद्दा भरकटवतोय, पण १२ सेंमी वाढवलेत कशासाठी? डिफची पोटाखालची उंची टायर ठरवतो, पाटा नाही. २९ चा टायर ३१ केला की डिफ इंचभर वर येतं. चासी कितीही उचला, डिफ तिथेच. आमच्या निफाडकडच्या काळ्या मातीत गाडी रुतते ती डिफ आणि ॲक्सल टेकल्यावर. वर चासी १२ सेंमी अधिक उंच आहे याचं त्या चिखलाला काही देणंघेणं नसतं.

उंची लागते ती मोठा टायर फेंडरला घासू नये म्हणून. त्यासाठी फेंडर कापा, सगळ्यांत स्वस्त लिफ्ट तोच.

आणि कृपा करून कुणी मांडवाचे जुने अँगल बंपरला लावू नका. द्राक्षाच्या वजनाला ते ठीक. डी-शॅकल अडकवून ओढलं की उलगडतात.

पाटेवाला

द्राक्षबाग यांना +१. मीही तेच सुचवणार होतो. पाटे परत खाली, पाट्याची कमान थोडी वाढवून आणि शॅकल लांब करून ५ सेंमी. शॅकल ४ सेंमी लांब केला तर गाडी २ सेंमी वाढते, कारण पाट्याचं एकच टोक उचलतं. शॅकलवर जास्त भिस्त ठेवू नका, लांब शॅकल उलटा फिरून अडकतो. फेंडर कापून ३१ बसवा, किंवा २३५/७५ आर १५ घाला. तो २९ इंच भरतो आणि बाकी सगळे कोन मूळच्या जवळ राहतात.

पाटे बनवताना: पाट्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने वाढतो. ६ मिमीचा ८ केला तर पावणेदोन नाही, जवळजवळ २.४ पट. म्हणून 'एक जाड पाटा वाढवा' ही दुकानदाराची सूचना मान हलवून ऐका आणि सोडून द्या. पातळ पाटे जास्त, जाड कमी. मधे प्लॅस्टिकच्या पट्ट्या किंवा ग्राफाइट ग्रीस. सेंटर बोल्ट नवीन. यू-बोल्ट पुन्हा वापरायचे नसतात, एकदा ताणलेला यू-बोल्ट पुन्हा तेवढा धरत नाही. अर्ध्या इंचीला ९० ते १०० न्यूटन मीटर, गाडी चाकांवर उभी असताना, आडवेतिडवे आवळून.

फोरलो

पर्च कापायला घेणार असाल तर दोन ओळी वेल्डिंगवर. जुना पर्च ग्राइंडरने कापा, गॅसने नको. नवा लावताना ७०१८ रॉड, भट्टीत वाळवलेला. दमट रॉडने वेल्डखाली तडे जातात, आणि नाशिकच्या पावसाळ्यात उघडा ठेवलेला पुडा दमट नसेल तर नवल. २०-२५ मिमीचा टाका मारायचा, थांबायचं, दुसऱ्या बाजूला जायचं. सलग वेल्ड फिरवला तर ॲक्सलची नळी केळ्यासारखी वाकते, मग शाफ्ट तिरपा चालतो आणि सील महिन्यात गळतं. आधी बॅटरीची वायर काढा, ब्रेक पाइप बाजूला घ्या. मधल्या ओतीव हाउसिंगला हात लावू नका.

संशय असेल तिथे डाय पेनिट्रंट मारा. तीन डबे असतात, क्लीनर, लाल आणि पांढरा. लाल मारून दहा मिनिटं थांबा, पुसा, पांढरा मारा. तडा असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी रेघ दिसते.

खरादी

स्टेअरिंगच्या थडथडीवर कुणीच बोललं नाही.

पुढचे पर्च लावतानाही पिनियन वर उचलला असणार. पिनियन जितका वर, कास्टर (किंगपिनचा मागे झुकलेला कोन) तितका कमी, कारण नकल, म्हणजे चाक वळवणारे सांधे, त्याच हाउसिंगवर आहेत. कास्टर शून्याजवळ गेला की चाक सरळ राहायची इच्छाच सोडतं. किंगपिनमधून (चाक ज्या खिळीवर वळतं तिच्यातून) रेषा काढून मोजा. ३ अंशांच्या खाली असेल तर पाट्याखाली पोलादी पाचर घाला. ॲल्युमिनियमची नको, ती चिरडते आणि यू-बोल्ट ढिला पडतो. पाचर ४ अंशांपर्यंत ठीक. त्याहून जास्त लागत असेल तर नकलची वेल्ड कापून फिरवणं हाच खरा इलाज, आणि ते जिगशिवाय करू नका.

पण पाचर घालण्याआधी किंगपिनची बेअरिंग बघा. चाक उचला, वरखाली धरून हलवा, दुसऱ्याला ब्रेक दाबून ठेवायला सांगा. ब्रेक दाबूनही खेळ राहिला तर तो किंगपिनचा, नाहीसा झाला तर हबच्या बेअरिंगचा. किंगपिनचे शिम (पातळ चकत्या) काढून घट्ट करा, मग टाय-रॉडची टोकं, मग टो-इन (पुढची चाकं समोरून किंचित आत वळवणं), २ मिमीच्या आसपास. हे सगळं सोडून स्टेअरिंग डॅम्पर लावणारे गॅरेजवाले भेटतील. डॅम्पर आवाज दाबतो, खेळ तसाच राहतो.

ड्रॅग लिंक (स्टेअरिंगकडून चाकाकडे जाणारी दांडी) आता किती तिरपी झालीय तेही बघा. ती जितकी तिरपी, तितकं खड्ड्यात चाक उठलं की स्टेअरिंग आपोआप फिरणार. पाटे खाली गेले की हे निम्मं आपोआप सुटेल.

गणिती_जीप

ब्रेक पेडल तळाला का गेलं, हे राहिलंच. चाक ड्रमसकट गेलं की त्या बाजूच्या व्हील सिलिंडरचे पिस्टन बाहेर पडतात. मास्टर सिलिंडर एकेरी असेल तर चारही ब्रेक गेले. टँडम मास्टर बसवा, पुढचं-मागचं सर्किट वेगळं होतं. या यादीत पहिलं काम तेच. वाटेत असं झालं तर मागचा रबरी होज व्हाइस ग्रिपने दाबून बंद करा, पुढचे दोन ब्रेक परत मिळतात. घरी पोचल्यावर तो होज फेकून द्या.

दुसरं. हँडब्रेकचा ड्रम ट्रान्सफर केसच्या मागे असलेल्या जीपमध्ये मागचा एक शाफ्ट तुटला आणि डिफ उघडं असेल, तर हँडब्रेक काहीच धरत नाही. तुटलेली बाजू मोकळी फिरते. चाकांना दगड लावल्याशिवाय गाडीखाली जाऊ नका.

फोरलो

आणि यातूनच ठरतं काय कुठे तुटू द्यायचं ते. पुढचा शाफ्ट किंवा त्याचा क्रॉस गेला तर लॉकिंग हब मोकळे करा आणि मागच्या चाकांवर घरी या. मागचा शाफ्ट बेअरिंगच्या आत तुटला तर चाक जागेवर राहतं, फोर-बाय-फोर टाकून पुढच्या चाकांवर हळू येता येतं. मागचा टेपरवर तुटला तर चाकच गेलं. तेव्हा मागचा टेपर सगळ्यांत मजबूत हवा, पुढचा क्रॉस मुद्दाम साधा ठेवा आणि एक जोडी सोबत बाळगा. पुढेमागे दोन्हीकडे महागडे शाफ्ट घालणाऱ्यांचा पुढचा बळी क्राऊन-पिनियन असतो. तो डोंगरात बदलता येत नाही.

क्राऊनवरून आठवलं, कुणी ५.३८ काढून ४.२७ घालायचा सल्ला दिला तर ऐकू नका. तेवढाच जोर चाकाला द्यायला साफ्टिंगवर ५.३८ ला ४१० न्यूटन मीटर पुरतात, ४.२७ ला ५१५ लागतात. वर ३१ चा टायर. पूजो रडेल.

खरादी

वेल्ड काढायला डिफ उघडणारच आहात तर सेटिंग नव्याने करावं लागेल. कॅरिअरच्या बेअरिंगखालचे डावे-उजवे शिम धाग्याने बांधून वेगळे ठेवा. बॅकलॅश (दातांमधला खेळ) डायल गेजने ०.१५ ते ०.२० मिमी, क्राऊनवर चार ठिकाणी मोजा. चारीत ०.०५ हून जास्त फरक दिसला तर क्राऊन वाकडा बसलाय, खाली कचरा आहे. मग दातांना मार्किंग लावून खूण बघा. खूण दाताच्या मुळाशी उतरली तर पिनियन फार आत गेलाय, शिम कमी करा. टोकावर चढली तर शिम वाढवा. आधी पिनियनची खोली, नंतर बॅकलॅश. उलट केलंत तर दिवस गेला.

संपादक

एक सूचना. अंजनेरी संवर्धन राखीव क्षेत्र आहे आणि नांदूर मधमेश्वर रामसर स्थळ. या दोन ठिकाणी 'ट्रॅक' सुचवणारे तीन प्रतिसाद काढून टाकले आहेत.

कायद्याचंही थोडक्यात. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार निर्मात्याने ठरवलेल्या मूळ वैशिष्ट्यांत नोंदणीशी विसंगत बदल करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने ९ जानेवारी २०१९ च्या निकालात हे स्पष्ट केलं. २०१९ च्या दुरुस्तीनंतर कलम १८२अ(४) खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. बदललेली गाडी रस्त्यावर आणण्याआधी आरटीओत विचारा. त्यावरचा वाद या धाग्यात नको.

आडवाट (धागाकर्ता)

सगळ्यांचे आभार. काम झालंय, आकडे देतो.

पाटे परत ॲक्सलखाली, एकूण वाढ ५ सेंमी. टायर ३१ चेच, फेंडर कापले. साफ्टिंगचा उतार १८ वरून १०.५ अंशांवर आला. पिनियन २ अंशांवर, आउटपुटला समांतर, म्हणजे दोन्ही क्रॉस साडेआठवर. घुरघुर ६० पर्यंत नाही. डबल क्रॉस लागला नाही.

वेल्ड केलेलं काढून उघडं डिफ, बॅकलॅश ०.१८. दोन्ही शाफ्ट ईएन २४, टेपर निळ्याने ८० टक्के. टँडम मास्टर बसवला. पुढचा कास्टर १ अंश निघाला होता, ३ अंशांची पाचर घातली. थडथड गेली, पण उजव्या किंगपिनचं खालचं बेअरिंगही खाल्लेलं होतं, त्यामुळे श्रेय कुणाला ते माहीत नाही.

एक प्रश्न उरलाय. चढाला आता एक चाक हवेत गेलं की गाडी थांबते. उघड्या डिफला काय पर्याय?

फोरलो

आधी हवा. टायर १८ पौंडांवर आणा आणि मग बघा, निम्मे चढ तसेच निघतील. १२ च्या खाली जाऊ नका, टायर रिममधून उतरतो. हवा भरायचा पंप सोबत ठेवा, १८ वर डांबरावर पळवली तर बाजूच्या भिंती तापून फुटतात. दुसरं, एक चाक हवेत फिरत असताना ब्रेक पेडल हलकं, पावभरच दाबून बघा. उघडं डिफ दुसऱ्या बाजूला तेवढाच जोर देतं. याला शून्य रुपये लागतात.

तरी कमी पडलं तर एअर लॉकर (हवेच्या दाबाने हवं तेव्हा डिफ बांधणारा). चढापुरता लावायचा, डांबरावर सुटा. फक्त शाफ्टवर पुन्हा २,२०० चा हिशेब लागू होतो, हे लक्षात ठेवून क्लच सोडा.

खरादी

आणि हबचे नट ५० किमीनंतर तपासले का? आकड्यांत ते कुठे दिसले नाहीत.

आडवाट (धागाकर्ता)

डावा जागेवर होता. उजवा पाव फेरा आणखी गेला. पुन्हा निळा लावून बघतो.